तीन बोटं जास्त

“सगुणाताई, फोटोत बघा आणि हे बघा. हे तर पार कमरेपर्यंत आलंय,” क्षिप्रा मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी आपल्या मुलीला, श्रियाला, आरशासमोर पुन्हा एकदा गोल फिरवलं.

सगुणाने दातांत धरलेली टाचणी काढली. मानपाड्यातल्या त्या सोसायटीच्या तळमजल्यावर तिचा शिवणकामाचा गाळा होता आणि आज तिथे दोरीवर बारा लाल ब्लाउज लटकत होते. सोसायटीच्या गणपतीत नऊ ते तेरा वर्षांच्या बारा मुली नाचणार होत्या. मॅडम कार्यक्रमाच्या प्रमुख. त्यांनी मोबाइलवर एका नटीचा फोटो दाखवून सांगितलं होतं, डिट्टो असंच पाहिजे. सगुणाने मान हलवली, मापं घेतली आणि कापताना प्रत्येक ब्लाउजची उंची तीन बोटं वाढवली. कुणाला विचारलं नाही.

“नाचताना हात वर गेले की कापड चढतं, मॅडम. मग बरोब्बर फोटोसारखं बसेल.”

ही शुद्ध थाप होती. वीस वर्षांच्या धंद्यात तिने गिऱ्हाइकाला उशिराबद्दल थापा मारल्या होत्या, मापाबद्दल ही पहिलीच.

“उद्यापर्यंत थोडे कमी करून द्या ना, प्लीज.”

“उद्या नाही जमायचं. गौरीच्या साड्यांचे फॉल पडलेत डोक्यावर.”

मॅडमना अजून मंडपवाल्याला गाठायचं होतं. त्या सुस्कारा टाकून ब्लाउज घेऊन गेल्या.

सगुणाला राग कपड्याचा नव्हता, गाण्याचा होता. गेले पंधरा दिवस ते गाणं वरच्या गच्चीवरून तिच्या कानांवर आदळत होतं. त्यातली बाई स्वतःला मिठाई म्हणवून घेत होती आणि अख्ख्या गावाला चव बघायला बोलावत होती. आणि हे बाप्पापुढे! समितीत इंजिनियर काय, बँकवाले काय, कॉलेजात शिकवणारे काय, सगळे शिकलेसवरलेले. सकाळी अथर्वशीर्ष आणि संध्याकाळी हे. नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडी आपण काय घालतोय, याचं एकालाही काही वाटू नये? सगुणा सातवी शिकलेली, खाडीकाठच्या कोळ्यांची सून. ती बोलली असती तर “अहो, मुलांना कुठे अर्थ कळतो,” एवढंच ऐकून परत आली असती. म्हणून तिने कात्रीला बोलायला लावलं.

पण बारा मुलींत तिची मनालीही होती, आणि खरी गोम तिथेच होती.

“सगळ्या मलाच बोलतात,” मनाली त्या रात्री जेवताना म्हणाली. “तुझ्या मम्मीने मुद्दाम केलं म्हणतात. केलंस ना तू?”

“केलं. बरं केलं. उद्या लोक मोबाइल वर करून शूटिंग करणार, ते कुठे कुठे फिरणार. आपण कुणी बघावं म्हणून जन्माला आलो नाही, मनू.”

“मग मला नाचू कशाला देतेस?”

याचं उत्तर सगुणाकडे होतं, पण मुलीला देण्यासारखं नव्हतं. सहा वर्षं मनाली गाळ्याच्या पायरीवर बसून सोसायटीतल्या मुलींचा खेळ बघत होती. यंदा एक मुलगी गावी गेली आणि श्रियाने हिला वर बोलावलं. तेव्हापासून पोर जिने चढताना गुणगुणायची. ते सगुणाच्याने मोडवत नव्हतं. आणि हीच पोर उद्या आरशात स्वतःला लोकांच्या डोळ्यांनी बघायला शिकेल, या भीतीने ती ताटातला भात नुसता चिवडत होती.

“आमी गुडघ्यापरत लुगडं नेसून बाजारान बसलो,” कोपऱ्यातून सासू म्हणाली. “उघडं पाय, पुढ्यात मासली. कुनाची वाकडी नजर टाकायची हिंमत नाय झाली. तू काय कापडाच्या मागं लागलीस?”

“आई, ते पोटासाठी होतं. हे कशासाठी आहे?”

“ते त्या पोरीला इचार,” सासू म्हणाली आणि ताट घेऊन उठली. सगुणाने विचारलं नाही. दिवसभर पायाने मशीन मारलेल्या बाईच्या अंगात तेवढी ताकद उरलेली नसते.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मनाली गाळ्यात येऊन सुईदोरा घेऊन गेली. हूक तुटलाय म्हणाली. संध्याकाळी सगुणा मंडपात मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पडदा सरकला, ते गाणं सुरू झालं, मोबाइल वर झाले. बाराही ब्लाउज आखूड होते.

तिला आधी वाटलं, मॅडमनी दुसऱ्या शिंप्याकडून कापून आणले. मग तिसऱ्या ओळीत मनाली दिसली. पोर हसत होती. इतकी मनापासून हसताना सगुणाने तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि तेच तिला सहन होईना.

टाळ्या संपायच्या आत ती स्टेजमागे पोचली. क्षिप्रा मॅडम समोरच भेटल्या. “ऐकलंत शेवटी! किती सुंदर केलेत तुम्ही,” म्हणत त्यांनी तिचा हात दाबला. सगुणाने हात सोडवून घेतला. मनालीला दंडाला धरून तिने बाजूला घेतलं.

“कुणी केलं हे?”

“मी.”

“बाराही?”

“त्या दुमडून सेफ्टी पिना लावत होत्या. सगळ्यांत छोटीच्या पोटाला टोचली, रडायला लागली ती. म्हणून मी म्हटलं, थांबा, मी शिवते.”

“हूक तुटलाय म्हणालीस मला.”

“तुटलेला. श्रियाचा. तो पण लावला.” मनालीने खाली बघितलं. “खरं सांगितलं असतं तर सुई दिली असतीस का?”

सगुणाने तिच्या दंडावरची पकड सैल केली.

“दोनच बोटं घेतली मी आत,” मनाली हळू आवाजात म्हणाली. “सगळ्यांना सांगितलं, याहून आखूड होत नाही. एक बोट राहू दे म्हटलं.”

मंडपात पुढचं गाणं लागलं. सगुणाने लेकीच्या ब्लाउजची कड बोटाने उलटी केली आणि दिव्याच्या उजेडात धरली. कुणी हे शिवणं शिकायला बसवलं नव्हतं पोरीला. सहा वर्षं पायरीवर बसून तिने आईचे हातही नुसते बघितले होते. टाके बारीक होते, एका अंतरावर, बाहेरून एकही दिसत नव्हता. सगुणा पाठीमागच्या शिवणीपर्यंत गेली, कुठेतरी चूक सापडावी म्हणून. सापडली नाही, आणि आता पोरीला रागवायचं तरी कशावरून, हे तिला कळेना.