खोडलेला चार

रंधा मशीनने माझ्या डाव्या हाताची करंगळी नेली, तेव्हा आता गिटार विसरायची, असं कारखान्यातल्या सगळ्या सुतारांनी परस्पर ठरवून टाकलं. मी कुठला विसरतोय! गिटार शिकवणारं जाडजूड पुस्तक आणलं. त्यात प्रत्येक सुरावर बोटाचा आकडा होता, आणि चार म्हणजे करंगळी. पानापानावर चार! माझं डोकंच फिरलं. कानावरची पेन्सिल काढली आणि दिसेल तो चार खोडून शेजारी तीन बोटांचा रस्ता लिहीत सुटलो. कुठे तार बदलली, कुठे हात सरकवला, कुठे सूरच गाळला.

"अहो, ते पुस्तक आहे की फळी?" बायको म्हणाली.

वर्षभर मी पिच्छा सोडला नाही. शेवटचा धडा वाजवला, तेव्हा तीही हातातलं काम टाकून ऐकत बसली.

काल घरी आलो, तर लेक तेच पुस्तक समोर ठेवून वाजवत होती, करंगळी तळव्याशी दुमडून.

मी खेकसलो, "अगं, तुझी करंगळी धडधाकट आहे ना? मग लाव की!"

"लावून पाहिली, बाबा," ती मान वर न करता म्हणाली. "पण मग ते तुमच्यासारखं वाजत नाही."