भिंगरीचा फोन

पार्लरवालीचा हात म्हणजे हात होता. कुणाचे केस विरळ असोत, कुणाचा भांग रुंदावलेला असो, तिच्या खुर्चीतून उठलेली बाई दारापर्यंत जाईतो दोनदा वळून आरशात बघायची. "झाकावं तर हिनंच!" असं सगळी गल्ली म्हणायची, आणि ते ऐकून पार्लरवालीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आता याच हातानं तिनं पोटच्या पोरीचं दुखणं कसं झाकलं, ते ऐका.

पोरीला सगळे भिंगरी म्हणायचे. शाळेतून आली की दप्तर भिरकावून पार्लरच्या मोकळ्या खुर्चीत चढायची आणि पायानं ढकलून गरगर फिरायची. "अगं, स्क्रू निघेल त्या खुर्चीचा!" म्हणून आई ओरडायची, गिऱ्हाइकं हसायची. यंदा मात्र भिंगरी थांबली. खुर्चीकडे फिरकेना. भिंतीकडेच्या बाकावर मासिक उघडून बसायची ती पार्लर बंद होईपर्यंत. मूल गप्प झालं की मोठ्या माणसांना काय आनंद होतो म्हणून सांगू! "मोठी झाली हो पोर!" "किती शहाण्यासारखी बसते!" शाळेतल्या बाईसुद्धा खूश. वर्गात चूं नाही की चां नाही, मग अजून काय हवं?

रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं. सुट्टीच्या दिवशी ठणठणीत. "शाळा बुडवायची नाटकं, दुसरं काय!" असा निकाल आत्याबाईंनी देऊन टाकला. आत्याबाई म्हणजे पार्लरवालीची धाकटी नणंद. पार्लरात भुवया कोरायचं काम त्यांच्याकडे आणि निकाल द्यायचं कामही त्यांच्याकडेच. आणि एक नवीन टुमणं लागलं होतं. उठताना, निघताना, आल्यावर, जेवताना भिंगरी विचारायची, "आई, तू बरी आहेस ना?" मधल्या सुट्टीत शाळेच्या ऑफिसातून फोन करून हेच. पार्लरवाली गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायची, "काय जीव आहे हो पोरीचा माझ्यावर!" गिऱ्हाइकं म्हणायची, नशीब काढलंत.

मग एके दिवशी वेणी घालताना कानामागे फणी मोकळीच फिरली. तिथं केसच नव्हते.

दुसरी कुठलीही आई घाबरून दवाखान्यात पळाली असती. पण ही पडली केसांतली जाणकार! "चाई पडलीय," तिनं जागच्या जागी ठरवलं. तेल बदललं, शॅम्पू बदलला, उशीचे अभ्रे उकळून काढले. खरं तर चाई पडली की चामडी गुळगुळीत होते, हे तिला पाठ होतं. इथं तर बारीक खुंट होते, लहानमोठे, तुटके. तिला ते दिसलं, आणि तिनं डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. वर एक अशी काही तिरपी, पिळाची वेणी बसवली की जागा पार दिसेनाशी झाली. शाळेत दिसली नाही, घरात खुद्द बापाला दिसली नाही. जागा वाढत गेली तशी वेणी अवघड होत गेली. आणि कहर म्हणजे भिंगरीच्या वर्गातल्या मुली आयांना घेऊन पार्लरात यायला लागल्या, "आम्हाला पण हिच्यासारखीच वेणी घालून द्या!" पार्लरवालीनं घालूनही दिल्या. काय बोलावं या बाईला!

एक दुपार मात्र तिची परीक्षा घ्यायला आली. समोर आरसा, मागच्या भिंतीला आरसा. गिऱ्हाइकाच्या मानेवर कात्री चालवता चालवता तिचं लक्ष आरशातल्या बाकाकडे गेलं. भिंगरीचं मासिक उघडं होतं, पण नजर मासिकात नव्हती. ती आईकडे बघत होती. एकटक. तिचा हात वेणीच्या पिळाखाली शिरला, बोटांनी एक केस चाचपला, उपटला आणि बाकाखाली सोडला. मग दुसरा. तोंडावर वेदना नाही, काही नाही. तेवढ्यात पार्लरवालीच्या हातातली फणी खाली पडली. फणी उचलायला ती वाकली, खुर्चीआड दिसेनाशी झाली, आणि मागून किंकाळी आली, "आई!" मासिक फेकून भिंगरी मधोमध उभी होती. तोंड पांढरंफटक.

"अगं, फणी पडली," पार्लरवाली म्हणाली, आणि फणी वर धरून दाखवली.

गिऱ्हाईक गेल्यावर तिनं बाकाखाली झाडू घातला. कापलेल्या केसाला मूळ नसतं. बाकाखालच्या केसांना होतं, पांढरं, टोकाशी चिकटलेलं. घरात फरशीवर एक केस दिसला असता तरी कुणी विचारलं असतं. इथं दिवसभर केसच पडतात, इथं कोण विचारणार? लेकरानं बरोब्बर जागा शोधली होती. पार्लरवाली झाडू धरून खालीच बसली.

मग तिला तो दिवस आठवला. ऐन गर्दीचे दिवस, सकाळपासून पोटात काही नाही, आणि बेसिनपाशी तिला भोवळ आली होती. धाडकन पडली. सगळ्या तिच्याभोवती जमल्या, पाणी मारलं, ती उठून बसली, "काही नाही गं, चक्कर आली," म्हणून हसली. लगेच पुढचं गिऱ्हाईक घेतलं. दारात दप्तर पाठीवर घेऊन भिंगरी उभी होती, हे आत्ता तिच्या डोळ्यांसमोर आलं. तेव्हा तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

"मी तिला डॉक्टरकडे नेणार," तिनं संध्याकाळी घरात सांगितलं. "मुलांच्या मनाच्या डॉक्टरकडे."

आत्याबाई उसळल्याच. "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पोरगी काय वेडी आहे? शाळेत कळलं तर बोट दाखवतील तिच्याकडे! तू एवढं छान झाकतेस, झाक की अजून थोडे दिवस. जाईल आपोआप."

झाकतेस. पार्लरवालीला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. आयुष्यभर जी शाबासकी मिळाली, ती आज पहिल्यांदा झोंबली. ती उठली, भिंगरीला जवळ घेतलं, वेणीच्या पिना एकेक काढल्या आणि पोरीचा कान हळूच वळवून बापाला दाखवला. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यानं त्या जागेवरून हळूच बोट फिरवलं. मग बहिणीला म्हणाला, "लिफ्ट खडखडायला लागली म्हणून आत गाणी लावून दिली, तर लिफ्ट दुरुस्त होते का गं? उद्याच जाऊ."

डॉक्टरांच्या खोलीत भिंगरी आईच्या खुर्चीला खेटून बसली. चित्र काढायला सांगितलं तर घर काढलं, आणि घरात आडवी पडलेली आई. मग हुंदके देत म्हणाली, "मी शाळेत गेले आणि ही पुन्हा पडली तर? मी बघत राहिले की पडत नाही." पार्लरवालीला रडू आवरेना. डॉक्टरांनी समजावलं, हे वेड नाही, नाटक नाही आणि हट्टही नाही. भीती पोरीच्या अंगापेक्षा मोठी झालीय, केस उपटला की घटकाभर बरं वाटतं, एवढंच. वेळ लागेल, पण बरी होईल.

भिंगरीच्या हाताला केसांऐवजी चाळा म्हणून गाठींची दोरी मिळाली. आईला मिळालं ते औषध फार कडू होतं. "'तू बरी आहेस ना' म्हणून विचारलं की दरवेळी 'हो' म्हणायचं नाही. 'तुला काय वाटतं?' म्हणून विचारायचं. तिचं उत्तर तिला शोधू द्या. आणि तुम्ही वेळेवर जेवा!" पोर दारात रडवेली उभी आहे आणि आपण 'हो गं राणी' म्हणायचं नाही, ही शिक्षा कुणाला सांगायची? पण पार्लरवालीनं कानाला खडा लावला. डबा मात्र रोज पोरीच्या देखत संपवायची.

एक दिवस भिंगरी स्वतःच खुर्चीत येऊन बसली. "आई, वेणी नको. बारीक काप." हजारो डोक्यांवर चाललेली कात्री त्या दिवशी आईनं पोरीच्या केसांना लावली. कानामागची जागा उघडी पडली. दुसऱ्या दिवशी पोर ताठ मानेनं शाळेत गेली आणि येऊन म्हणाली, "दोघींनी विचारलं. मी म्हटलं, घाबरले की उपटायचे, आता शिकतेय न उपटायला." भुवया कोरता कोरता आत्याबाईंचा दोरा मध्येच तुटला. संध्याकाळी त्या कुठूनशी लाल रंगाची दोरी आणून तिच्या दप्तरात ठेवून गेल्या.

सगळं सरळ झालं असं नाही. परीक्षेच्या आठवड्यात पुन्हा उपटले, पुन्हा पोट दुखलं, पुन्हा डॉक्टरांकडे फेऱ्या. पण कानामागे मऊ लव आली, लवेचे केस झाले. आणि मग शाळेची मुक्कामाची सहल निघाली. "जाऊ?" भिंगरीनं विचारलं. ओठांवर आलेलं 'नको' पार्लरवालीनं गिळलं. "तुला काय वाटतं?" ती म्हणाली. "जाते!" भिंगरी म्हणाली. ठरलं एवढंच, वाटलं तर संध्याकाळी बाईंच्या फोनवरून बोलायचं.

संध्याकाळ झाली. फोन आरशापुढे उताणा ठेवलेला. गिऱ्हाइकं गेली, आत्याबाईंनी फरशी पुसली, फोन गप्प. बाप घ्यायला आला, फोन गप्प. पार्लरवालीचा हात फोनकडे गेला. "नुसतं विचारते, बरी आहे ना."

"हात मागे घे," बाप म्हणाला. "आता तू सुरू करू नकोस."

तिनं हात मागे घेतला. आत्याबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "विसरली वाटतं आईला कार्टी."

विसरली? पार्लरवाली उभी राहिली. विसरली! सकाळ-संध्याकाळ जिची नजर आपल्या पाठीवरून हटत नव्हती, ती पोर आज आपल्याला विसरली! ती मटकन मोकळ्या खुर्चीत बसली, पायानं जमीन ढकलली आणि गरगर फिरली. हसत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "वहिनी, स्क्रू निघेल!" आत्याबाई ओरडल्या. "निघू दे!" पार्लरवाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बसमधून भिंगरी उतरली ती गुडघे मळलेले, गाणी म्हणून घसा बसलेला, बारीक केस सगळीकडे उभे. आईला बघताच तिनं कपाळावर हात मारला. "अय्या आई! फोन करायचा विसरलेच की गं!"

पार्लरवालीनं भर रस्त्यात तिला उचलून घेतलं. "शाब्बास गं माझ्या बाई!" ती ओरडली, आणि बसमधल्या सगळ्या पोरी खिडक्यांतून बघत राहिल्या.