वरून खाली काढलेले खांब

मिऱ्याएवढा लाल शंकू... पडद्यावर खालचा खांब संपतो आणि वरचा सुरू होतो तिथे, बरोबर सांध्यात बसलेला. जोड बसला की शंकू हिरवा होतो, नाही बसला की लाल. सकाळपासून सगळे लालच. लेकीला जुळं झालं, ते हे वर्ष. लेकीचं बाळंतपण उरकून घरी परत आल्या-आल्या तिच्या आईनं खोळंबलेलं काम पुढ्यात घेतलं होतं – एका गोदामाचा पोलादी सांगाडा, जो आधी संगणकावर उभा राहतो आणि मग कारखान्यात कापला जातो. संध्याकाळपर्यंत फाइल गेली पाहिजे. जाईल. त्याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. यंत्राला राग-लोभ नसतो. ते अडतं तेव्हा कशाला तरी अडतं, आणि ते कुठंतरी असतंच.

खांबांमध्ये फट? नाही. बोल्ट कडेला फार जवळ? नाही. आधी खालचा खांब निवडायचा, मग वरचा – तसंच केलं होतं.

आतल्या खोलीतून खोकला आला, आणि मागोमाग आवाज. नवऱ्याचा.

"झाले का हिरवे?"

"होतील."

"बोल्ट बघ."

"बघितले."

"मग रुसलाय. समजूत काढ."

"खांब आहे तो, तुमचा मेहुणा नव्हे."

ते हसले, हसता हसता पुन्हा खोकले, आणि तो खोकला थांबेपर्यंत तिचा हात माउसवर तसाच राहिला... मुलगा फोनवर म्हणाला होता, आई, डॉक्टर जे बोलले ते तुझ्या-माझ्यात. बाबांना काही सांगू नकोस, धसका घेतील. ती बरं म्हणाली होती. तेव्हापासून त्या खोलीत जाताना उंबऱ्याशी क्षणभर थांबून ती चेहरा नीट करून घेत होती – पदर सावरावा तसा. जन्मात कधी न केलेलं काम. पण जमत होतं. तिला सगळंच जमत आलं होतं.

खालचे मजले तिनं काढले होते, वरचे त्यांनी, अंथरूण धरायच्या आधी. तिनं वरचा एक खांब निवडला. प्रत्येक खांबाला दोन ठिपके असतात, सुरुवातीचा पिवळा, शेवटचा जांभळा. पिवळा वर होता. छपराशी.

हात्तिच्या.

क्रेनवाले होते ते, उमेदीची सगळी वर्षं. वरच्या केबिनमध्ये बसून त्यांना इमारत दिसायची ती छपरापासून. खालची माणसं म्हणजे नुसत्या टोप्या. त्यांचा खांब वरून सुरू होऊन खाली उतरायचा. आणि मी? मी त्याच इमारतींवर पाट्या वाहिल्या, खालून वर, पायरीपायरीनं. अक्षरंसुद्धा लेक शाळेत जायला लागल्यावर तिच्या पाटीवर शिकले, संगणक तर त्याच्याही खूप नंतर, दोघंही... माझे खांब जमिनीतून उगवतात. एकमेकांच्या कामात आम्ही कधी हात घातला नाही. ते आपले जोड आपल्या हातानं लावायचे, सुरुवात कुठली ते यंत्राला स्वतः सांगून, म्हणून कधी अडलं नाही. यंदा पहिल्यांदाच त्यांच्या खांबाला माझा खांब भिडला होता, आणि दोघांची शेवटची टोकंच समोरासमोर आली होती. यंत्र बिचारं सुरुवात शोधत होतं.

उपाय सोपा होता. टोकं उलटी करायची, एक कळ दाबायची. तिनं एका खांबावर दाबली. हिरवा. आता बाकीचे सगळे एकदम उलटे केले की झालं. त्यांना सांगायचीही गरज नाही, कशाला आजारी माणसाला...

कशाला. सांगायची गरज नाही. मुलाला फोनवर बरं म्हणाली तेव्हा एकदा, आणि आता दुसऱ्यांदा हे तिनं मनात म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा तितक्याच सहज. ह्या माणसाची चूक ह्या माणसापासून लपवायची, म्हणजे तो कामातून गेला असं आपणच ठरवायचं. मुलानं ठरवलं होतं, डॉक्टरनं ठरवलं होतं. मी कधी ठरवलं?

ती उठली आणि आत गेली.

"अहो, खांब तुमचे उलटे आहेत. वरून खाली काढलेत."

ते बघत राहिले. मग त्यांचे डोळे बारीक झाले. "सगळे?"

"सगळे."

"म्हणजे आई म्हणायची ते खरंच. ह्याची खोपडीच उलटी." आणि ते मनापासून हसले, उशीवर डोकं टाकून, कित्येक दिवसांत हसले नव्हते तसे. "कर सरळ. माझं नाव नको सांगू कारखान्यात."

"सांगणार. मोठ्यानं."

हसू ओसरलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ते छताकडे बघत म्हणाले, "ह्याचं चुकलं म्हणालीस, बरं वाटलं. सगळे कसे गोड बोलतात हल्ली." मान तिच्याकडे वळली. "डॉक्टर काय म्हणाला गं? खरं."

चेहरा नीट करायचा राहून गेलाय, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. उंबऱ्याशी ती थांबलीच नव्हती. आता करता आला असता. पण चेहऱ्याला कुठं हात लावावासा वाटेना. तो जसा होता तसा त्यांना दिसत होता, आणि त्यानं काही कोसळत नव्हतं. पायांखाली जमीन होती, नेहमीची.

"सांगते," ती म्हणाली, आणि पलंगाच्या कडेवर टेकली. "जरा सरका तिकडे."

त्याच वर्षी, हिवाळा सरता सरता, एका मंगळवारी सकाळी माझे यजमान वारले.