जातो नव्हे, येतो

मंदारला बायको पाहिजे होती आणि सदाशिवरावांना सगळ्यांवर पाळत. दोघांचीही सोय एकाच संगणकात लावू असं त्या शहाण्या मंदारला वाटलं आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

सदाशिवराव म्हणजे घाटंजीच्या वाटेवरच्या, कापसातली सरकी काढायच्या जिनिंगचे मालक. त्यांची मुलगी शाल्मली वजनकाट्याच्या खिडकीत बसून गाडीवाल्यांना पावत्या द्यायची. मंदार यवतमाळचा, संगणकाचा इंजिनिअर, घरचं स्थळ चांगलं. पण शाल्मलीनं आडपडदा ठेवला नाही. "आमचा काटा मधामधात अडकते. तो नीट करून द्या. तुमाले काम करताना पाहीन, मंग होय का नाही ते सांगीन."

कापसाचा भाव आपटलेलं वर्ष, त्यात ऐन हिवाळ्यात आभाळ भरून आलेलं. फाटकापासून पार सडकेपर्यंत गाड्या लागल्या होत्या. काट्याचा संगणक एखाद्या गाडीला जरासा थबकायचा, दुखणं एवढंच. पण साध्या औषधानं बरं केलं तर पोरगी भाळेल कशाला? मंदारनं फंक्शन ट्रेसिंग चालू केलं. संगणकाचा मुख्य कारभारी म्हणजे कर्नल, त्याच्या हाताखाली हजारो बारीक फंक्शनं राबतात. आता त्या प्रत्येकानं कामाला हात लावताना वर्दी द्यायची, काम उरकून निघताना पुन्हा द्यायची. चार संशयितांवर नजर ठेवली असती तरी भागलं असतं. छे! साहेबांनी झाडून सगळ्यांना वर्दी द्यायला लावलं.

मग व्हायचं तेच झालं. ज्याचं काम चिमटीभर त्याची वर्दी ओंजळभर, अशानं संगणक चालेल कसा? जरासा थबकणारा काटा आता गाडी चढली की चहा उकळेस्तोवर ढिम्म.

"काहून थांबला जी काटा?" कापूस विकायला आलेला श्रावण आपल्या गाडीवरून ओरडला. "आभाळ पाहा ना! भिजला कापूस कोन घेईन?"

तेवढ्यात सदाशिवराव पाठीमागं येऊन उभे राहिले. त्यांना वाचता यावं म्हणून मंदारनं वर्दी मुद्दाम मराठीत करून ठेवली होती. अमका येतो, अमका जातो, अशा ओळी पडद्यावर पळत होत्या. सदाशिवराव हरखून गेले.

"वा जावाईबापू! हेच पाह्यजे होतं मले. कोन काय करून राह्यला, सारं दिसते!" मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पन हे 'जातो' काय लिवलं? सोयरिकीच्या दिवशी? आपल्यात निघताना मानूस 'येतो' म्हनते. बदला ते."

गाड्या या पाळतीनंच अडल्यात, हे मंदारला केव्हाच कळलं होतं. सांगावं म्हणून त्यानं तोंडही उघडलं. पण 'जावाईबापू' हा शब्द कानात असा काही विरघळला, की गडी मूग गिळून बसला आणि 'जातो'चं 'येतो' करून मोकळा झाला.

आता पडद्यावर नुसतं येतो, येतो, येतो. कोण आत आहे आणि कोण निघाला, ब्रह्मदेवालाही सांगता येईना. सदाशिवराव मात्र मान डोलवत वाचत होते.

शाल्मलीनं खुर्ची सरकवली. "खरं सांगा, काटा या वर्दीपायीच अडकून राह्यला ना?"

"हो," मंदार पुटपुटला.

"मंग बंद करा."

"बाबांना आवडलंय ना. आजचा दिवस राहू दे. लग्न झाल्यावर बघू."

शाल्मली त्याच्याकडे बघतच राहिली. "कुठं चालली? कोनासंग बोलली? कवा येशीन? शाळेत होती तवापासून याचीच वर्दी देऊन राह्यली मी बाबाले," ती म्हणाली. "तुमी बंद करान असं वाटलं होतं." तिला रडू येत होतं आणि त्याचाच तिला संताप येत होता.

बाहेर टपटप थेंब पडायला लागले. श्रावण ताडपत्री ओढत मालकाच्या नावानं शंख करत होता. शाल्मली वाकली आणि तिनं भिंतीतला प्लगच उपटला. पुन्हा लावला. संगणक नव्यानं सुरू झाला, वर्दीबिर्दी काही नाही. काटा नेहमीसारखा जरासा थबकला आणि त्यानं श्रावणच्या गाडीचं वजन दिलं. ती पावती श्रावणच्या हातात देऊन शाल्मलीनं पर्स उचलली.

"कुठं चालली?" सदाशिवराव म्हणाले. "कवा येशीन?"

ती दारात थांबली, पण बापाकडे वळली नाही. मंदारकडे बघून म्हणाली, "जाते मी."

"अवो पोरी, येते म्हन!" सदाशिवराव कळवळले.

"नाही," शाल्मली म्हणाली. "जाते."