सहा हजार बारा

वन्सं टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या आणि दोन महिन्यांत त्यांनी स्वयंपाकघरातले डबे तीनदा हलवले. शेवटी त्यांच्या वहिनीनेच त्यांना आपल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेऊन बसवलं. तिथे मागच्या खोलीत वहिनीचा छंद चालायचा. जुने प्रोसेसर गोठवून मूळ वेगाच्या दुपटीने पळवायचे आणि गाठलेल्या वेगाचा मेगाहर्ट्झमधला आकडा स्पर्धेच्या साइटवर टाकायचा. वन्संना ते वेड वहिनीहून जास्त लागलं.

रविवारी चार वाजता स्पर्धा बंद होणार होती. प्रोसेसरवर तांब्याचं भांडं बसवलेलं, आणि वहिनी त्यात थर्मासमधून द्रव नायट्रोजन बेताबेताने ओतत होती. बोर्डावर दव धरू नये म्हणून पेट्रोलियम जेली थापली होती. की-बोर्ड वन्संकडे होता. त्यांचा पाय सारखा हलत होता.

"पाय थांबवा हो, टेबल हलतंय."

"थांबवला तर डोकं फिरायला लागतं."

पडद्यावर आकडा उमटला, सहा हजार बारा. पहिल्या नंबरावरच्या 'घुबड' नावाच्या गड्यापेक्षा तीन जास्त!

"बास!" वहिनी ओरडलीच. "आता सेव्ह करा. मी थर्मास भरून आणते."

ती मागच्या दारातल्या टाकीकडे गेली. वन्संचं बोट सेव्हवर होतं. पण तीनचीच आघाडी? घुबड शेवटच्या घटकेला पुढे जाणारच. त्यांना राहवलं नाही. वेग आणखी वाढवायला त्यांनी व्होल्टेज एक पायरी चढवलं.

पडदा काळा झाला.

"सेव्ह केलं होतंत ना?" दारातूनच वहिनीने विचारलं. वन्सं काळ्या पडद्यासमोर सेव्ह दाबत राहिल्या. वहिनीने दोनदा मशीन चालू करून पाहिलं आणि फडकं उचललं. चाळीस प्रोसेसर तपासून तिने निवडलेला तो एक जळून गेला होता.

"बोल की काहीतरी. भांड तरी!"

"काय भांडू? हात बाजूला घ्या, जेली पुसायचीय."

वन्संना त्या दिवशी घास गोड लागला नाही. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याने शटर उघडलं तेव्हा त्या बाहेर उभ्या होत्या. तीन आठवडे त्या जुने प्रोसेसर आणून साध्या पंख्याने गार करत एकेक तपासत राहिल्या.

"बाई, एवढं पारखून लोक सोयरीकही जमवत नाहीत," भंगारवाला म्हणाला.

बावन्नावा टिकला. पुढची स्पर्धाही चारलाच बंद होणार होती. त्या दिवशी वन्संनी तो वहिनीच्या हातात ठेवला.

"तू चालव. मी नुसती ओतते."

वहिनी पाच हजार नऊशे अठ्ठ्याण्णववर थांबली आणि लगेच सेव्ह केलं. यादीत चौथा नंबर दिसला. ती खुशीत हसली. वन्संही हसल्या, थर्मास खाली ठेवला आणि दुकानाच्या दारापर्यंत तीन फेऱ्या मारून आल्या.

"अजून दोनच वाजलेत," त्या म्हणाल्या.

वहिनीने मशीनची वायर उपटली.