लोरेन हॅडलींची मुलगी

"तिच्या अंगात निळा स्वेटर होता," लोरेन म्हणाल्या. "फलाटावर फार गारठा. ती बाई म्हणाली, द्या आता. मग मी दिली."

यामिनी त्यांच्या पोटऱ्यांना मलम चोळता चोळता थांबली. "कोणाला दिलीत?"

"माझ्या मुलीला." हे काय विचारणं झालं, अशा नजरेने लोरेननी तिच्याकडे पाहिलं.

नागपूरहून आलेली यामिनी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या एका वृद्धाश्रमात नर्स होती. लोरेन हॅडली शंभरीला टेकलेल्या. एके काळी हॉलिवूडमध्ये त्या नायिकेची मैत्रीण व्हायच्या, बहीण व्हायच्या; नायिका झाल्या त्या एकदाच. मूळच्या त्या एडना. स्टुडिओने नाव बदललं, भुवया बदलल्या, हसायचं कसं तेही शिकवलं. पस्तिशी उलटली आणि बोलावणी थांबली, तेव्हा त्या इकडे आल्या आणि पुढे कितीतरी वर्षं घरं विकत राहिल्या. गिऱ्हाइकांना चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटे. त्या काही सांगत नसत. लग्न केलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. निदान सगळे तसंच धरून चालले होते.

यामिनीने हे सोबत काम करणाऱ्या कादंबरीच्या कानावर घातलं. कादंबरी अमेरिकेतच जन्मलेली, आश्रमातले कार्यक्रम बघायची.

"मावशी, दॅट्स हर मूव्ही," ती म्हणाली आणि तिने टॅबवर तो प्रसंग लावला. आगगाडी, बर्फ, तरुण लोरेन एका बाईच्या हातात बाळ देते आणि गाडी सुटते. "त्यांचं मिक्स होतंय सगळं. सो सॅड, यार."

यामिनीला हायसं वाटलं, पण ते टिकलं नाही. सिनेमा काळा-पांढरा होता, बाळ शालीत गुंडाळलेलं होतं. मग निळा स्वेटर आला कुठून? शूटिंगच्या वेळी शालीच्या आत असेलही. तिला काही उलगडा होईना.

आणि पुढच्याच आठवड्यात जोन आल्या. सत्तरीच्या, ओहायोहून. लोरेनच्या एका भाच्याशी त्यांची डीएनए चाचणी जुळली होती, आणि त्यावरून लोरेनच आपली आई असा त्यांना पत्ता लागला होता. आश्रमाशी फोनवर बोलणं झालं होतं, तरी दारात उभं राहून त्या म्हणाल्या, "मला काही नको. फक्त बघून जाते."

लोरेननी त्यांना ओळखलं नाही, ओळखणार तरी कशा. जोन थोडा वेळ बसल्या आणि मग यामिनीबरोबर बाहेर आल्या.

"माझ्याबद्दल कधी काही बोलल्या?"

यामिनीने दार हळूच ओढून घेतलं. जे सिनेमातलं होतं ते हिच्या ओंजळीत खरं म्हणून कसं घालायचं? आणि खरं असेल तर गिळून कसं टाकायचं?

"बोलल्या," ती अखेर म्हणाली. "पण खरं की सिनेमातलं, मला कळत नाही. फलाट होता म्हणाल्या. तुमच्या अंगात निळा स्वेटर होता."

जोननी नकारार्थी मान हलवली.

"फलाट नव्हता," त्या म्हणाल्या. "मला हॉस्पिटलमधूनच नेलं. बाळाचं कुणाला कळू नये म्हणून लोरेनना न्यूमोनिया झालाय, असं स्टुडिओने पेपरात छापून आणलं होतं. मला वाढवणारी आई सांगायची, की त्यांना बाळ दाखवलंसुद्धा नाही. तो सिनेमा त्याच्या पुढच्या वर्षीचा."

जोननी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"म्हणजे सिनेमात का होईना," जोन म्हणाल्या, "तिने मला हातात घेतलं."

दोघी आत गेल्या. लोरेननी जोनना आपादमस्तक न्याहाळलं आणि कपाळाला आठी घातली.

"उशीर झाला तुला," त्या म्हणाल्या. "माझे केस कर लवकर. सेटवर सगळे थांबलेत."

जोननी यामिनीकडे पाहिलं. यामिनीने कपाटावरचा कंगवा त्यांना दिला. तो घेऊन जोन लोरेनच्या खुर्चीच्या मागे उभ्या राहिल्या. लोरेननी डोळे मिटून मान सरळ केली. जोन हळूहळू त्यांचे विरळ, पांढरे केस विंचरू लागल्या.