मिटल्या डोळ्यांची शर्यत

शिडं शिवायच्या खोलीत टेबल नव्हतं, खुर्ची नव्हती. भिंतीपासून भिंतीपर्यंत नुसती गुळगुळीत लाकडी जमीन आणि तिच्या मधोमध एक खड्डा. खड्ड्यात शिवणयंत्र आणि यंत्रापुढे बाबा. एवढं लांबरुंद कापड यंत्रापर्यंत उचलत बसण्यापेक्षा यंत्रच जमिनीच्या पातळीला आणलेलं बरं, म्हणून ही सोय. त्यामुळे दारातून येणाऱ्याला बाबा छातीपासून वरच दिसायचे. "उरलेले बाबा कुठं गेले?" असं लंबू लहानपणी विचारायची. आता सतरा वर्षांची झाली तरी विचारायची.

लंबू म्हणजे धाकटी. ताईपेक्षा तीन वर्षांनी लहान आणि चार बोटं उंच. ताई सुकाणू धरायची आणि लंबू डोलकाठीच्या तारेला कंबर अडकवून नावेबाहेर, पाण्यावर आडवी लटकायची. त्यांची शर्यतीची नाव दोनच माणसांची, हलकी आणि महानखरेल. वारा मनासारखा असला की मोटारबोटींना मागं टाकायची, आणि काही बिनसलं की पापणी लवायच्या आत उलटायची. शनिवारी निवड होती. पहिली येणारी एकच नाव ऑलिंपिकच्या पात्रता फेरीला जाणार, बाकीच्यांनी चार वर्षं हात चोळत बसायचं. आठव्या वर्षापासून ताईने दुसरं काही मागितलंच नव्हतं.

रोज दुपारी चारला खोलीत कोरडी शर्यत व्हायची. ही सवय त्यांच्या प्रशिक्षकांनी लावलेली. त्यांना दोघी पाठीमागे कासवसर म्हणत, कारण शिकवायचे वेग, आणि स्वतः धक्क्याच्या या टोकाहून त्या टोकाला जायला अर्धी दुपार घ्यायचे. कोरड्या शर्यतीत दोघींनी पसरलेल्या शिडावर पाठीला पाठ लावून बसायचं, हातात एकेक स्टॉपवॉच घ्यायचं, डोळे मिटायचे आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. सर आजचा वारा सांगणार. त्या वाऱ्यात पूर्ण शर्यत मनात पळायची आणि शेवटची रेषा ओलांडली की बटण दाबायचं. रोजचा वारा वेगळा म्हणून वेळही रोज वेगळी. बघायचा तो दोघींमधला फरक. नाव एक आहे, तर वेळही एकच यायला हवी, असं सरांचं म्हणणं.

आणि यायची! वीस-बावीस मिनिटांत फार तर सेकंदभर मागंपुढं.

ताईला त्या अर्ध्या तासाचं वेड होतं. डोळे मिटले की यंत्राची घरघर हळूहळू लांब जायची, खालचं कापड गार वाटायला लागायचं आणि मग केव्हातरी ते पाणीच व्हायचं. मानेवर वारा यायचा. बोटांत सुकाणूचा दांडा थरथरायचा. लंबूच्या पाठीचा श्वास थांबला की समजायचं, वाऱ्याचा झोत आला. किनारा नाही, शाळा-कॉलेज नाही, वय नाही. नुसतं वाहत जायचं. एकमेकींना न बोलता सगळं कळतं याची दोघींना घमेंड होती. पाण्यावरही त्या फारशा बोलत नसत.

मागच्या वर्षी मात्र या सुखात खडा पडला. तिसऱ्या बोयापाशी, म्हणजे शर्यतीची वाट दाखवणाऱ्या तिसऱ्या तरंगत्या खुणेपाशी, पाठीवर वारा घेऊन वळावं लागतं. शीड क्षणात या बाजूचं त्या बाजूला जातं आणि लंबूला त्याच्याखालून पलीकडे धावावं लागतं. याला त्या झटका म्हणत. भित्र्यांसाठी दुसरी वाट असते, वाऱ्याकडे तोंड करून लांबचा फेरा घ्यायची. तिला नाव होतं सावध वळण. झटका मारताना नाव उलटली आणि ताई ओल्या शिडाखाली सापडली. जेमतेम दहा सेकंद. बाहेर आली, खोकली, हसलीसुद्धा.

पण त्यानंतर कोरड्या शर्यतीत तिचं घड्याळ नऊ सेकंद मागं पडायला लागलं.

"कुणीतरी तिसऱ्या बोयाला सावध वळतंय," सर चष्मा पुसत म्हणाले.

"मी नाही," ताई फटकन म्हणाली. पण खोटं बोलल्याचं तिला तेव्हाच कळलं. ती झटका मारायचं ठरवूनच निघायची. बोया जवळ आला की मनातली नाव आपणहून लांबच्या वाटेला लागायची. स्वप्नात पळायला जावं आणि पाय उचलू नयेत, तसं. तिला स्वतःची इतकी लाज वाटायची की ती जेवताना लंबूच्या नजरेला नजर देत नसे.

आणि निवडीच्या आठ दिवस आधी घड्याळं जुळली. दुसऱ्या दिवशीही जुळली, तिसऱ्याही. ताई हरखून गेली. म्हणजे आतल्या आत, आपल्यालाही न कळता, भीती गेली! तिने लंबूला कडकडून मिठी मारली. लंबू नुसती हसली.

शनिवारी वारा भरपूर होता. तिसऱ्या बोयाला त्यांची नाव पहिली पोचली, मागे जुळ्या बहिणींची निळी नाव दोन हातांवर. घड्याळ खोटं बोलत नाही, असं स्वतःला बजावून ताईने एक शब्द न बोलता दांडा ओढला. झटका.

शीड डोक्यावरून सपकन लंबूच्या बाजूला आलं, आणि लंबू जागची हललीच नव्हती. तारेला लटकलेली, दोर छातीशी घट्ट ओढून, सावध वळणाच्या तयारीत. नाव उलटली.

पुन्हा तेच. वर ओलं शीड, भोवती पाणी. पण या वेळी ताईने डोळे मिटले नाहीत. सगळीकडे दुधाळ उजेड होता. नाकासमोर बाबांची शिवण होती, नागमोडी, दुहेरी. शिवण आहे म्हणजे ती कुठंतरी काठाला लागणार. ताईने ती बोटांनी धरली आणि सावकाश, घाई न करता, तिच्यामागून गेली. काठ आला. वर हवा होती.

लंबू उपड्या नावेवर बसून हमसून हमसून रडत होती. "आठ दिवस मी तुझ्याबरोबरच वळत होते, ताई! तुझं घड्याळ मागं पडायचं, तू जेवताना माझ्याकडे बघायची नाहीस. मला नाही बघवलं. म्हणून मीच माझी वेळ मागं नेली."

"अगं, पण आज मी..."

"मला काय माहीत! तू बोललीस कुठं?"

निळी नाव जवळून निघून गेली. मग आणखी दोन. ताईला लंबूचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी तिच्याइतकं जवळचं जगात कुणी नाही, हेही कळलं. दोघींनी नाव सरळ केली. चौथ्या आल्या. चार वर्षं गेली.

"कापड फाटलं का?" घरी आल्यावर बाबांनी खड्ड्यातून विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "शिवण धरूनच बाहेर आले." बाबांनी यंत्र थांबवलं.

रविवारी चारला कुणी सांगितलं नव्हतं, तरी दोघी येऊन बसल्या. पाठीला पाठ, कालचाच वारा. तिसरा बोया आला, ताईने झटका मारला, नाव उलटली नाही. रेषा ओलांडून तिने बटण दाबलं. मागून आवाज नाही. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. लंबूची पाठ धापा टाकत होती. केव्हातरी तिचं बटण वाजलं.

"कुठं होतीस इतका वेळ?"

"माझ्यात उलटलो ना आपण," लंबू म्हणाली. "तू शिडाखाली होतीस. तू वर येईपर्यंत थांबले."

ताईने मागे हात नेऊन लंबूचा हात धरला.

"घड्याळं परत लावा," बाबा खड्ड्यातून म्हणाले. "आणि या वेळी तोंडाने बोला."

"तिसऱ्या बोयाला झटका," ताई म्हणाली. "ऐकलंस?"

"ऐकलं."

दोघींनी डोळे मिटले.